उन्हाळी रानशर्यत: धुळीत आणि उकाड्यात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

साउथ कॅरोलायनाच्या वरच्या अंगाला जूनमध्ये आठ-दहा दिवस पाऊस नसला की रानातल्या लाल मातीच्या वाटांचा फुफाटा होतो. वर पाइन आणि ओकची दाट झाडी, वारा पडलेला, पारा ९५ फॅरनहाइटवर, म्हणजे आपला ३५ सेल्सिअस, आणि हवा एवढी दमट की घाम निथळतो पण सुकत नाही. अशाच दिवसांत इथे हौशी लोकांच्या हेअर स्क्रॅम्बल शर्यती होतात. रानातून काही मैलांचा बंद फेरा आखलेला असतो. त्यावर मोटरसायकलने दीड-दोन तास लॅप मारायचे, वेळ संपेपर्यंत ज्याचे लॅप जास्त तो पुढे.

मी मूळची सांगलीची. इथे स्पार्टनबर्गजवळ एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि बायकांच्या सी वर्गात, म्हणजे सुरुवातीच्या पातळीच्या वर्गात, यामाहा वायझेड १२५ एक्स ही टू-स्ट्रोक गाडी चालवते. गेल्या गणपतीत आमच्या मंडळातल्या दोघा-तिघांनी विचारलं, की आम्हाला गाडी बरी चालवता येते, ट्रेलवर नियमित जातो, मग शर्यतीत अर्ध्या तासात जीव का जातो? त्यांना तोंडी सांगितलं ते सविस्तर इथे लिहिते आहे.

उत्तर असं आहे की उन्हाळी रानशर्यतीत नवखा माणूस वेगात कमी पडत नाही. तो दोन ठिकाणी अडकतो: पुढचं दिसत नाही, किंवा अंग तापून डोकं चालेनासं होतं. या दोन्हींचा बंदोबस्त जास्त करून आदल्या दिवशीच होतो, आणि उरलेला पहिल्या लॅपमध्ये थोडं मागे राहून.

कुठली शर्यत निवडायची

या खेळाची इथली मोठी मालिका म्हणजे जीएनसीसी, ग्रँड नॅशनल क्रॉस कंट्री. तिचं मूळ वेस्ट व्हर्जिनियातल्या डेव्हिस गावी १९७५ साली सुरू झालेल्या ब्लॅकवॉटर १०० या शर्यतीत आहे. जीएनसीसीची एक फेरी आमच्याकडे युनियन गावाजवळ बिग बक फार्मवर होते. रविवारी सकाळी हौशी वर्गांची दोन तासांची शर्यत आणि दुपारी व्यावसायिकांची तीन तासांची. बघायला जरूर जा. पण पहिली शर्यत म्हणून मी ती सुचवणार नाही. सकाळच्या शर्यतीत शेकडो गाड्या सुटतात, त्यामुळे कोरड्या दिवशी मागच्या रांगांना पहिल्या लॅपमध्ये धुळीशिवाय काहीच वाट्याला येत नाही. त्यापेक्षा जॉर्जियाकडच्या सेट्रासारख्या प्रादेशिक संघटनेची छोटी शर्यत बघा.

धुळीचा खूपच त्रास होत असेल तर एंड्युरोचाही विचार करा, म्हणजे छोट्या रांगांनी सुटून ठरावीक टप्प्यांवर वेळ मोजली जाते अशा रानशर्यतीचा. राष्ट्रीय एंड्युरोत दर मिनिटाला एक रांग सुटते आणि एका रांगेत फार तर पाच गाड्या असतात, त्यामुळे पुढच्यांची धूळ थोडी तरी खाली बसलेली असते.

नोंदणीचं फारसं अवघड नाही. बहुतेक ठिकाणी एएमएचं, म्हणजे अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनचं सभासदत्व लागतं, जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागते, लॅप मोजायला ट्रान्सपाँडर किंवा हेल्मेटवर चिकटवायचा टॅग मिळतो. सायलेन्सरमध्ये स्पार्क अरेस्टर आहे ना ते आधी बघा. वाळलेल्या रानात एक ठिणगीही महागात पडते.

पुण्या-नाशिककडून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. धूळ आणि उकाड्याबद्दलचं पुढचं सगळं आपल्या एप्रिल-मेमधल्या मातीलाही लागू आहे. पण वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालू नका. एफएमएससीआयच्या, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या रॅली आणि सुपरक्रॉस असतात, खासगी जमिनीवरचे ट्रॅक असतात. सराव तिथे करा.

अंगाला उन्हाची सवय

आठवडाभर एसी ऑफिसात बसून रविवारी ३५ अंशांत दोन तास गाडी हाणता येत नाही, तुम्ही कितीही तंदुरुस्त असा. शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. म्हणून शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे मी व्यायाम संध्याकाळी पाचला, बाहेर, ऊन असताना करते. पाऊण तास चालत-पळत. जिममधल्या गार हवेतल्या ट्रेडमिलने हे होत नाही.

एअर फिल्टर

एअर फिल्टरवर मी जरा जास्त बोलणार आहे. या शर्यतीत गाडीचं आयुष्य कशाने ठरत असेल तर या स्पंजाच्या तुकड्याने.

टू-स्ट्रोकमध्ये आत जाणारी हवा आधी क्रँककेसमधून जाते आणि मग सिलिंडरमध्ये. म्हणजे फिल्टरमधून निसटलेली बारीक लाल माती बेअरिंगपासून पिस्टन रिंगपर्यंत सगळीकडे घासत जाते. फोर-स्ट्रोकमध्ये ती व्हॉल्व्हच्या बैठका खाते. दोन्हींत खर्च मोठा आहे.

स्पंजाचा फिल्टर आधी फिल्टर क्लीनरने आणि मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा. पेट्रोलमध्ये बुडवू नका, त्याने दोन थर चिकटवणारा डिंक सुटतो, आणि आगीची भीती वेगळीच. मुठीत दाबून पाणी काढा, कपड्यासारखं पिळू नका. पिळलं की शिवणीजवळ चिरा जातात, आणि त्या सहजासहजी दिसत नाहीत. रात्रभर सावलीत पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर तिथे तेल धरत नाही.

मग तेल. फिल्टर एका झिपच्या पिशवीत टाकते, फिल्टर ऑइल ओतते आणि बाहेरून चोळत राहते. माझ्या तेलाचा रंग निळा आहे, त्यामुळे कुठे पोचलं आणि कुठे नाही ते डोळ्यांना कळतं. सगळीकडे एकसारखा फिकट निळा रंग आला, एकही पांढुरका ठिपका उरला नाही, की जादाचं तेल दाबून काढायचं. थेंब गळत असतील तर तेल जास्त झालं, गाडी श्वास घेणार नाही. शेवटी फिल्टरची कड जिथे एअर बॉक्सला टेकते तिथे ग्रीसची बारीक गोल रेघ ओढायची. धूळ बऱ्याचदा स्पंजातून शिरत नाही, या कडेतून शिरते.

बसवण्याआधी टॉर्च मारून इनटेकच्या नळीत बघा. शर्यतीनंतर फिल्टर काढलात की त्याच नळीच्या आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लालसर छटा आली तर तुमची कड बसत नाही आहे, किंवा फिल्टर फाटला आहे. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी करणारे फार थोडे लोक मी पाहिलेत, आणि इंजिन उघडायची पाळी त्यांच्यावर क्वचितच येते.

मी तेल लावलेले दोन फिल्टर पिशवीत बंद करून गाडीत ठेवते. शनिवारी सराव केला तर रविवारी ताजा फिल्टर, यावर तडजोड नाही. तुमच्या गाडीला कागदी फिल्टर असेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नका, नवा घाला.

बाकीची गाडी

दाट झाडीत वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला वारा कमी, आणि वर क्लच सारखा अर्धा दाबलेला. गाडी उकळते ती अशी. कूलंट भरलेलं हवं, रेडिएटरच्या पात्या सरळ हव्यात, झाकणाचं रबर तडकलेलं नको. सुरुवातीच्या रांगेत उभं असताना इंजिन उगाच चालू ठेवू नका. मी मागचा स्प्रॉकेट दोन दात मोठा लावते. १२५चं इंजिन चढ्या फेऱ्यांवर ठेवावंच लागतं, पण मोठ्या स्प्रॉकेटमुळे चिंचोळ्या वळणात क्लच कमी घासावा लागतो आणि डाव्या हाताचा पंजाही टिकतो.

टायरमध्ये जाड ट्यूब असेल तर १२-१३ पीएसआय हवा माझ्या वजनाला बरी पडते. आमची लाल माती वाळली की खाली फरशीसारखी गुळगुळीत आणि वर पिठासारखी सैल होते, जास्त हवा भरली की पुढचं चाक त्यावर घसरतं. हवा सकाळी टायर गार असताना मोजा. चेनला चिकट तेल नको, त्यावर माती बसून सँडपेपर तयार होतो, मेणाचा कोरडा ल्यूब घ्या. हँडलवर अॅल्युमिनियमचे हँडगार्ड हवेतच, आणि हँडल फार रुंद असेल तर कापून साधारण ३० इंचांवर आणा. दोन पाइनच्या मधून जाताना अर्धा इंचसुद्धा कामाला येतो.

डोळे

चांगल्या स्थितीतले तीन गॉगल असू द्या. एक डोळ्यावर, एक पाठीवरच्या पिशवीत मऊ कापडात, एक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी-सामान लावायच्या जागी, मदतनिसाच्या हातात. काच पारदर्शक किंवा अगदी फिकट. उन्हाळा म्हणून काळी काच लावायचा मोह होतो, पण झाडीत शिरलात की तिच्यातून मुळं दिसत नाहीत.

गॉगलच्या कडेचा स्पंज धुऊन वाळवा आणि त्यावर बेबी ऑइलचं बोट फिरवा, नुसता ओलसरपणा येईल इतकंच. बारीक धूळ त्यात अडकते आणि डोळ्यांपर्यंत पोचत नाही. काचेला मात्र तेलाचा हात लागू देऊ नका. कपाळावर घाम टिपणारी पट्टी बांधा. धुळीपेक्षा डोळ्यांत उतरलेल्या खारट घामानेच लोक जास्त हैराण होतात.

काचेवर धूळ बसली की हातमोज्याने पुसायची नाही. घामाने भिजलेला हातमोजा आणि लाल माती मिळून काच कायमची खरवडून टाकतात. हेल्मेटवर हलकी टिचकी मारा, सुटी धूळ पडते. नाहीतर टेअर-ऑफची, म्हणजे काचेवर आधीच लावलेली पातळ पट्टी ओढून काढा. पण काही आयोजक रानात कचरा नको म्हणून टेअर-ऑफला मनाई करतात, तेव्हा आधी विचारा आणि मनाई असेल तर रोल-ऑफ, म्हणजे काचेवरून गुंडाळली जाणारी फिल्म, वापरा.

नाकातोंडावर फडकं बांधावं का? दमट उकाड्यात मी बांधत नाही, ओलं होऊन तोंडाला चिकटतं आणि दम लागतो. नाकपुड्यांच्या कडेला व्हॅसलिनचा पातळ हात देते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं आणि इनहेलर पिशवीत ठेवावा.

पाणी आणि मीठ

तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे इथे अक्षरशः खरं आहे. अशा दोन तासांत तासाला एक लिटरहून जास्त घाम सहज जातो, आणि तहान जाणवेपर्यंत तुम्ही मागे पडलेले असता.

पाठीवर दोन लिटरची पाण्याची पिशवी. रात्री ती अर्धी भरून आडवी गोठवते आणि सकाळी उरलेली भरते. पहिला तासभर गार घोट मिळतो आणि पाठही गार राहते. नळीच्या तोंडावर धूळ बसतेच, पहिला घोट थुंकून टाका.

नुसतं पाणी मात्र पिऊ नका. घामातून मीठ गेलेलं असताना वर लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, भान जातं, आणि हे प्रकरण जिवावर बेतू शकतं. मी एका लिटरला पाव चहाचा चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर आणि कोकमाचं आगळ घालते. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये आगळ मिळतं. नाही मिळालं तर लिंबू. बाजारातली इलेक्ट्रोलाइटची पावडरही चालेल, पण बाटलीवर सोडियमचा आकडा वाचा, काहींत साखर भरपूर आणि मीठ नावाला असतं. एनर्जी ड्रिंक शर्यतीच्या सकाळी नकोच.

शर्यतीत घड्याळ बघून पिता येत नाही, म्हणून जागा ठरवायच्या. शनिवारी ट्रॅकवरून पायी फिरायची परवानगी असते तिथे मी फिरते आणि दोन हात क्षणभर सैल सोडता येतील अशा सपाट, सरळ जागा बघून ठेवते: शेताच्या बांधावरची धाव, चेकपॉइंटची रांग. प्रत्येक लॅपला त्या प्रत्येक जागी दोन घोट, तहान असो-नसो.

आदल्या रात्री वरण-भात-तूप, शर्यतीच्या तीन तास आधी पोहे आणि एक केळं. सुरुवातीच्या रांगेत जाण्याआधी अर्धा तास सावलीत बसा, छातीचं चिलखत आणि हेल्मेट शेवटी चढवा. पातळ मोज्यात बर्फ भरून मानेवर ठेवा, जर्सी भिजवून घाला. आधीच गार असलेलं अंग तापायला वेळ लागतो. उकाड्यापायी बूट, गुडघ्याची गार्डं, चिलखत यातलं काही कमी करू नका. जाळीदार जर्सी आणि भोकं असलेलं चिलखत मिळतं, ते घ्या.

सुरुवात

वर्गाप्रमाणे रांगा लागतात आणि ठरावीक अंतराने सुटतात. बहुतेक ठिकाणी डेड इंजिन स्टार्ट, म्हणजे इंजिन बंद, झेंडा हलला की किक किंवा बटण. गाडी आधी नीट गरम करून घ्या. रांगेत उभं राहायची जागा निवडताना सगळे पहिल्या वळणाची आतली बाजू बघतात. मी वारा बघते. मूठभर माती हातातून सोडायची. ती उडून जिकडे जाते तिकडे धुळीचा ढग जाणार, त्याच्या उलट बाजूला उभं राहायचं. पहिलं वळण थोडं लांबून घ्यावं लागलं तरी डोळे उघडे राहतात.

वळणावर पहिल्या दोघा-तिघांत नसाल तर आत घुसायची धडपड सोडा, बाहेरून या. तिथे पडलेल्या गाड्यांवर आणखी गाड्या पडतात, आणि धुळीमुळे मागच्याला त्या दिसत नाहीत.

धुळीत गाडी चालवणं

पहिला लॅप सगळ्यात घाण असतो. सगळे एकत्र असतात, अंगात जोर असतो, आणि झाडीत वारा नसल्यामुळे उडालेली धूळ तिथेच लटकत राहते. माझा नियम सोपा आहे: पुढच्या गाडीचं चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा दिसत नसेल तर मी फार जवळ आहे. थ्रॉटल सोडून काही सेकंदांचं अंतर पाडायचं. ही सेकंदं गेल्यासारखी वाटतात, पण धुळीत लपलेल्या खुंटावर पडून गाडी उचलायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि उचलण्यात अंग तापतं ते शेवटपर्यंत निवत नाही.

खालची वाट दिसेनाशी झाली की वर बघा. ट्रेलच्या वर झाडांच्या शेंड्यांमध्ये आकाशाची एक फट असते, ती जिकडे वळते तिकडे वाट वळते. झाडांना स्टेपल केलेले बाणांचे कागदही साधारण डोळ्यांच्या उंचीवर असतात, ते धुळीच्या वर राहतात. वळणानंतर डब्ल्यू अक्षराची पाटी दिसली तर वाट चुकली, थांबा आणि आजूबाजूला बघून परत फिरा.

सकाळच्या शर्यतीत ऊन तिरकं येतं. धूळ उडालेली असताना झाडांतून येणारा प्रत्येक कवडसा पांढरी भिंत होऊन उभा राहतो आणि त्याच्या पलीकडे काहीच दिसत नाही. अशा ठिकाणी कवडशाच्या आधी वेग कमी करा, आत शिरल्यावर ब्रेक लावू नका. मोकळ्या शेतातून झाडीत शिरतानाही तेच, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थोडा दम धरा.

मग पुढच्याला गाठायचं कुठे? ओढ्याजवळ. ओहोळाच्या काठाला माती ओलसर असते, तिथे धूळ उडत नाही. लॅपमध्ये अशा दोन-चार जागा असतातच. कोरड्या भागात मागे राहा, ओढा जवळ आला की अंतर मिटवा, आणि चढावर बाजूची वाट निवडून पुढे जा. चढावर नवख्यांची गाडी बंद पडते, तुमची चालू असली की झालं. धुळीच्या ढगात शिरून कुणाला मागे टाकायचा प्रयत्न करू नका. त्यालाही तुम्ही दिसत नसता.

खोल फुफाट्यात शिरताना वजन मागे, थ्रॉटल एकसारखा, पुढच्या ब्रेकला बोट नको, नजर फुफाटा संपतो तिथे. पुढचं चाक डावी-उजवीकडे वळवळेल, वळवळू द्या. हँडल करकचून धरलं की ते जास्त फिरतं आणि हाताच्या पोटऱ्या दगडासारख्या होतात. पकड गुडघ्यांची असावी, टाकीवर. मुळं आडवी असतील तर सरळ काटकोनात ओलांडा, तिरकी असतील तर त्यांच्यावर ब्रेकही नको आणि जोरही नको. शक्य तेवढं उभ्याने चालवा. पायांना जमीन डोळ्यांच्या आधी कळते, आणि उभं असताना अंगाला वाराही जास्त लागतो.

मागून वरच्या वर्गातले रायडर येतील. "लेफ्ट!" किंवा "राइट!" अशी हाक आली की घाबरून वाटेत थांबू नका. तुमची रेषा धरून चालत राहा आणि पहिल्या रुंद जागी एक हात बाजूला सरका. हाच न्याय तुम्ही पुढच्याला लावा, आणि जाता जाता थँक यू म्हणा. माझ्या शेजारच्या पिटला साठीच्या पुढच्या वर्गात धावणारे एक निवृत्त मेकॅनिक असतात. ते तर मागे टाकलेल्या प्रत्येकाला "गुड जॉब" म्हणत जातात, आणि धापा टाकणाऱ्याला त्याने खरंच बरं वाटतं.

उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, यलोजॅकेट नावाच्या गांधीलमाश्यांपासून जपा. त्यांची पोळी जमिनीत असतात, पहिल्या गाड्यांनी हादरे दिले की मागच्यांवर त्या तुटून पडतात. चावल्या तरी तिथे थांबायचं नाही, शंभर-दोनशे यार्ड पुढे जाऊन थांबा. जर्सी पँटमध्ये खोचा. डंखाची अॅलर्जी असेल तर एपिनेफ्रिनचं इंजेक्शन स्वतःजवळ हवं, पिटमध्ये ठेवून उपयोग नाही, आणि हे नोंदणीच्या वेळी सांगून ठेवा.

थांबायचं कधी

हा भाग घाईत वाचू नका.

पायात गोळे येणं, मळमळ, डोकं जड होणं, चक्कर ही उकाड्याने थकल्याची लक्षणं. वेग उतरवा, प्या, पिटमध्ये सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या. त्यापुढची खूण वेगळी आहे. ३५ अंशांत थंडी वाजल्यासारखे काटे अंगावर येतात, सोप्या वळणावर चूक व्हायला लागते, आत्ताच गेलेला चढ आठवत नाही. इथे शर्यत संपली. पुढच्या चेकपॉइंटला थांबा आणि तिथल्या माणसाला सांगा, एकट्याने झाडीत बसून राहू नका.

कुणी बरळायला लागलं, तोल जायला लागला, ओळख पटेना, तर तो उष्माघात समजा. शरीराचं आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असं मानू नका. श्रमाच्या उष्माघातात माणूस घामाने भिजलेला असू शकतो. अँब्युलन्सला बोलवा, पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. हेल्मेट, चिलखत, बूट काढा आणि मानेपर्यंत गार पाण्यात, बर्फ घातलेल्या पाण्यात बसवा. डोकं धरून ठेवा. आधी गार करायचं, मग हलवायचं. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

म्हणून आमच्या पिटमध्ये मुलांच्या खेळायच्या प्लास्टिकच्या मोठ्या टबाची जागा ठरलेली आहे, शेजारी बर्फाच्या चार पिशव्या. मागच्या जूनमध्ये शेजारच्या एका कॉलेजच्या मुलाला त्यात बसवावं लागलं. गाडीवरून उतरल्यावर तो स्वतःचीच व्हॅन शोधत उलट्या दिशेला चालला होता. त्याच्या आईने "दमलाय फक्त" म्हटलं, पण त्या निवृत्त मेकॅनिक गृहस्थांनी त्याला वार विचारला आणि त्याला तो सांगता आला नाही. वैद्यकीय पथक येईपर्यंत आम्ही तिघांनी त्याला बर्फात धरून ठेवलं. संध्याकाळी तो चांगला बोलत होता. तो टब तुमच्याही सामानात असू द्या, एवढी कळकळीची विनंती.

शर्यत झाल्यावर

सकाळी गाडीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर वजन करा, ओले कपडे काढून. जितके किलो कमी झाले तितके लिटर पाणी गेलं असं धरा, आणि त्याच्या सव्वा ते दीडपट पुढच्या काही तासांत, मीठ असलेल्या जेवणाबरोबर, हळूहळू प्या. माझं घरी आल्यावरचं जेवण ताक आणि खिचडी.

गाडी धुताना एअर बॉक्सला आधी झाकण लावा. प्रेशर वॉशरचं पाणी रेडिएटरवर समोरून आणि लांबून मारा, जवळून मारलं तर पात्या वाकतात. फिल्टर त्याच रात्री काढा, आठवडाभर राहिला की तेल आणि माती मिळून गोंद होतो.

नाक मिठाच्या पाण्याने धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच घ्या, नळाचं थेट घेऊ नका. कपडे दाराबाहेर काढा, गरम पाण्यात वेगळे धुवा. रानात पॉइझन आयव्ही असते, तिचं तेल बुटांवर आणि हातमोज्यांवर बरेच दिवस टिकतं आणि मग घरातल्यांच्याही अंगावर फोड येतात. कातडीला साबण लावून नीट धुवा. गोचिड्या बघा: गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, कानामागे, केसांत. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, जाळू नका, आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.